नागपूरच्या चितार ओळीतला आमचा गणपतीवाला : दोन वर्षांचा अनुभव, चार स्टार अन् एक कापलेला

आधीच सांगून ठेवतो, दुकानाचं नाव टाकत नाहीये. खाली लिहिलंय त्यातलं अर्धं त्यांच्या घरातलं आहे अन् थोडी तक्रार पण आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. मग रिव्ह्यू कशाला म्हणाल तर मातीचा गणपती घेताना काय बघायचं, काय विचारायचं, कधी जायचं एवढं तरी यातून कळेल, दुकान कोणतंही असो.

मी २०२४ चा अन् २०२५ चा असे दोन गणपती यांच्याकडून घेतले. त्याआधी आम्ही घराजवळ रस्त्याच्या कडेला मांडव लागतात ना, तिथूनच घ्यायचो. २०२३ ला तिथला माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, "शाडूचाच आहे सर, शंभर टक्के." तो गणपती टबात तीन दिवस जसाच्या तसा बसून राहिला. पितांबराचा रंगसुद्धा हलला नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली यांचा मुक्काम वाढलेला दिसते, तेव्हा मी त्याला चादरीत गुंडाळून महापालिकेच्या कृत्रिम टाकीवर नेऊन दिला, चोरासारखा. पीओपी होता हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर ठरवलं की आता थेट चितार ओळीत जायचं, जिथं बनते तिथून घ्यायचं.

जायला आता सोपं आहे. सेंट्रल अॅव्हेन्यूवर चितार ओळ चौक नावाचं मेट्रो स्टेशनच आहे, डिसेंबर २०२२ मध्ये अॅक्वा लाइन प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली तेव्हापासून. बुकिंगला मेट्रोनेच जा, गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जाते तेवढ्यात दोन कप चहा होते. फक्त मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापीडेचे मोठे पुतळे मिरवत नेतात तेव्हा, चुकूनही जाऊ नका. पिवळी मारबत १८८५ पासून निघते म्हणतात, काळी त्याच्याही आधी १८८१ पासून, अन् त्या दिवशी सगळं नागपूर महाल-इतवारीत असते. २०२५ ला मारबत २३ ऑगस्टला अन् गणपती २७ ला, मधे फक्त तीन दिवस, मी नेमका त्याच दिवशी "जरा रंग बघून येऊ" म्हणून निघालो अन् "घेऊन जा गे मारबत" ऐकून, घामाने ओला होऊन परत आलो.

आता दुकान. दुकान म्हणजे घरच आहे, खाली कारखाना अन् वर राहणं. जुलै-ऑगस्टमध्ये जिन्याच्या प्रत्येक पायरीवर गणपती वाळत असतात, त्यांच्या घरच्यांना जेवायला वर जायचं तरी पंधरा-वीस बाप्पा ओलांडून जावं लागते. काका साठीच्या पुढचे, या धंद्यातली तिसरी पिढी, बोलणं कमी, चष्मा कपाळावर. काकू मधून मधून वरून ओरडतात. अन् ताई, म्हणजे त्यांची पोरगी, वय पंचवीस-सव्वीस, बी.कॉम. झालेली, हातात मोबाइल अन् कोपरापर्यंत माती. काकांचा मोठा पोरगा पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे, सहा-सात वर्षं झाली.

पोरगा नसूनही दुकानात सगळ्यात जास्त त्याचीच चर्चा असते. मी चार-पाच वेळा गेलो असेन, दरवेळी कोणी ना कोणी गिऱ्हाईक विचारतेच, "भाऊ कधी येऊन राहिला परत?" अन् काका दरवेळी तेच सांगतात, "येईन ना, दिवाळीनंतर बघू." ही दिवाळी कोणती ते काही सांगत नाहीत.

माती बघा, ही खरी गोष्ट. माती आधी टाक्यात भिजवतात, मग गाळतात, मग पायाने मळतात, त्यात कागदाचा लगदा किंवा कापूस घालतात म्हणजे वाळताना तडकत नाही. घरगुती मूर्ती साच्यातून निघते, मंडळाची मोठी असली की आत बांबू अन् तणसाचा सांगाडा, त्याला सुतळी, त्यावर मातीचे थर. वाळायला मात्र दिवस लागतात अन् तेही सावलीत. ऑगस्टात हवेतच पाणी असते तर वाळणार कशी? पीओपी अर्ध्या तासात कडक होते, आतून पोकळ, वजनाला हलकी, उचलताना हात तुटला तर चिकटवता येते. म्हणून जग पीओपीकडे गेलं, यात गणपतीवाल्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही, गिऱ्हाइकाला पण दोन फुटाचा पाहिजे अन् स्वस्त पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली २०२० मध्ये आली, पीओपी नको म्हणून. मग कोर्टबाजी, मग जून २०२५ मध्ये हायकोर्टाने बनवायला मोकळीक दिली पण नदी-तलावात विसर्जनाला नाही. या घोळात मातीवाल्याचं हे होते की एक वर्ष सगळे त्याच्याकडे पळत येतात अन् पुढच्या वर्षी निम्मे परत जातात, मग त्याने माती किती भरायची अन् माणसं किती लावायची?

अजून एक गंमत. २०२३ ला चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे, मग अधिक महिना आला की उडी मारून पुन्हा मागे, २०२६ ला १४ सप्टेंबर. आपल्याला काय, सुट्टीची तारीख. यांच्यासाठी तेवढे वाळवायचे दिवस कमी अन् तेही नेमके पावसाचे.

२०२४ ची माझी तक्रार इथूनच निघते. पंधरा इंची मूर्ती, २४०० रुपये, ५०० अॅडव्हान्स. आदल्या दिवशी संध्याकाळी घ्यायला गेलो तर माझा गणपती हॅलोजनखाली. म्हणजे मोठा पिवळा दिवा लावून शेकून राहिले होते त्याला. मी म्हटलं काका हे काय, तर म्हणे, "दोन घंटे थांबा, होऊन जाते." दोनाचे साडेचार झाले. घरी आणला, स्थापना झाली, अन् तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पाहतो तर सोंडेच्या मुळाशी केसाएवढी चीर. पाचव्या दिवशी चीर कानापर्यंत. आई तर घाबरलीच, तिने लगेच कोणाचं काय वाईट होणार त्याची यादी काढायला घेतली. कारण साधं आहे, वरून जोरात शेकलं की वरचा थर आधी आकसतो अन् आतली माती ओलीच राहते, मग जिथं जाडी बदलते तिथं तडकते. हे मला नंतर ताईने समजावून सांगितलं. काकांनी फोनवर फक्त एवढंच म्हटलं, "माती आहे भाऊ." एक स्टार इथं गेला. हॅलोजनसाठी नाही, "माती आहे भाऊ" साठी.

विसर्जन मात्र फर्स्ट क्लास. घरीच मोठ्या टबात, रात्री ठेवला, दुसऱ्या दिवशी दुपारी खाली फक्त गाळ. कुंड्यांना घातला. वर सोनेरी रंगाची एक साय तरंगत होती ती गाळून काढावी लागली, याबद्दल पण मी बोललो होतो. ताई म्हणाली, "सोनेरी नाही मारला तर लोक नेतच नाहीत दादा, तुम्हीच पहिल्या दिवशी विचारलं होतं की मुकुट चमकत काहून नाही." विचारलं होतं खरं.

तरी २०२५ ला पुन्हा तिथंच गेलो. काहून गेलो? कारण जूनमध्ये ताईचा मेसेज आला. मागच्या वर्षी तुमच्या मूर्तीला चीर गेली होती, यंदा घेणार असाल तर १५ जुलैच्या आत सांगा, तुमची पहिल्या घाण्यात काढते म्हणजे सावलीत वाळेल, अन् मागचा २०० रुपयांचा डिस्काउंट माझ्याकडून. नागपुरात मी कोणत्याही दुकानदाराकडून मागच्या वर्षीच्या चुकीबद्दल स्वतःहून आलेला मेसेज पाहिलेला नाही. दुरुस्तीला गेलेल्या माझ्या फ्रीजवाल्याने तर माझा नंबरच ब्लॉक केला आहे.

गेलो तर चित्र बदललेलं. प्रत्येक मूर्तीच्या पाटाखाली नंबराची चिठ्ठी, चिठ्ठीवर साच्यातून काढल्याची तारीख. वहीत तोच नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, किती आले किती बाकी. घ्यायला यायच्या वेळा वाटून दिलेल्या, मला आदल्या दिवशी सकाळी ११ ते १२. मी ११.२० ला पोचलो अन् ११.३५ ला बाप्पा मांडीवर घेऊन गाडीत. यंदा २९०० झाले, डिस्काउंट धरून २७००. महाग वाटलं का? थोडं. चीर? एक पण नाही, दहा दिवसात.

या पंधरा मिनिटांच्या कौतुकात मी म्हणालो, "भावाने सिस्टीम लावून दिली वाटते?" आयटीतला आहे ना, म्हणून. ताई माझ्याकडे बघून हसली, कशी हसली ते मला अजून आठवते अन् अजून लाज वाटते. वही तिची, मेसेज तिचे, घाणे लावायचा हिशोब तिचा. भाऊ गणपतीत तीन दिवस येतो, मोदक खातो, "बाबा आता बंद करा हे, जागा चांगल्या भावात जाईन" म्हणतो अन् जातो. वाईट नाही तो, त्याचं पण बरोबर आहे, पैसे पाठवतो म्हणे दर महिन्याला.

नंतर एकदा गेलो तेव्हा चहा आला अन् ती बोलली. मी विचारलं नव्हतं जास्त, पण दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, हात कामात, माणूस बोलते.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी तिने काकांना म्हटलं, मला पगार द्या. कारागिरांना रोजी मिळते, संध्याकाळी हातात पडते, मला काय मिळते तर "लागन तेवढे घे ना, कोणी नाही म्हटलं?" काका आधी हसले, मग रुसले, दोन दिवस बोलले नाहीत. घरच्या पोरीला पगार, म्हणजे ती नोकर झाली काय? काकूंनी मधे पडून एक सीझन करून बघा म्हटलं. २०२५ ला पहिल्यांदा वहीत तिच्या नावाचं पान आहे, कारागिराएवढीच रोजी, जून ते सप्टेंबर. ती म्हणे, "दादा, पैशाचं नाही फक्त. पान असलं की कळते ना, मी इथं किती दिवस काम केलं ते. नाहीतर लोकाईले वाटते मी बाबाला मदत करून राहिली."

हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो. कारण आमच्या बाबांचं महालात शिलाई मशीन रिपेरिंगचं दुकान होतं, बत्तीस वर्षं. मी शाळेपासून तिथं बसायचो, शटलमधला गुंता, सुईचा नंबर, पायाची मशीन अन् मोटरवाली, सगळं यायचं. बाबांनी कधी "तू ये" म्हटलं नाही अन् मी कधी "येऊ का" विचारलं नाही. इंजिनिअरिंग केलं, मिहानमध्ये लागलो, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आज ते दुकान मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने आहे अन् बाबा त्या दुकानातून महिन्याला कमवायचे त्यापेक्षा भाडं जास्त येते. हे बाबा स्वतःच हसत सांगतात सगळ्यांना. मला त्या हसण्याचा अर्थ अजून लागला नाही, पण त्यांच्या दुकानाच्या कोणत्या वहीत माझ्या नावाचं पान नव्हतं हे त्या दिवशी चितार ओळीत बसून पहिल्यांदा लक्षात आलं. असतं तर गेलो असतो का? माहीत नाही. बहुतेक नाही. पण विचार तरी केला असता, फक्त पळालो नसतो.

असो, रिव्ह्यूवर येतो.

मंडळवाल्यांसाठी सूचना, तुम्हाला हे दुकान आता आवडणार नाही. ताईने उधारी बंद केली आहे. आधी काकांचं असं होतं की एका मंडळाला वीस वर्षं मूर्ती दिली म्हणजे ते घरचेच, बाकी पैसे विसर्जनानंतर, मग वर्गणी जमली नाही, मग पावसाने देखावा खराब झाला, मग पुढच्या वर्षी देऊ. इकडे माती, रंग, कारागीर सगळ्यांचे पैसे एप्रिल-मेपासून जातात, पतपेढीचं व्याज चालू, अन् येणारा पैसा फक्त दहा दिवसात येतो. तिने यंदा दोन मंडळांना सांगितलं, आधी सत्तर टक्के. एक मंडळ गेलं. काकांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. वीस वर्षांचं नातं पोट्टीने तोडलं म्हणे. मला विचाराल तर तिचंच बरोबर आहे, पण काका का जेवले नाहीत ते पण मला कळते, त्या मंडळाची पोरं त्यांना "बाप्पावाले काका" म्हणून स्टेजवर बोलावून नारळ देत होती दरवर्षी. ते व्याजात कसं धरायचं?

डोळे. हे मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. मूर्ती घेताना लोक मुकुट बघतात, उंची बघतात, तुम्ही डोळे बघा. बाकी सगळं साच्यातून अन् स्प्रे गनने होते, डोळ्यांची आखणी हातानेच, बारीक ब्रशने, श्वास धरून. एका मूर्तीची नजर तिरपी गेली की दहा दिवस बाप्पा तुमच्या टीव्हीकडे बघत बसतो. २०२४ चे डोळे छान होते. २०२५ चे जास्त छान होते, शांत, जरासे खाली झुकलेले, समोर बसलेल्याकडे बघणारे. मी काकांना म्हटलं, काका यंदा तुमचा हात एकदम जमला. काका चष्मा पुसत म्हणाले, "मायं कुठं, माया हात कापते आता. दीड वर्ष झालं, सगळे डोळे तीच काढते." अन् त्याच दमात पुढच्या गिऱ्हाइकाला, "हो येईन ना पोरगा, दिवाळीनंतर."

अरे काका.

काही बारीकसारीक. गुगल पे चालते, पावती मिळते. मूर्ती जड असते, पंधरा इंचीला दोन्ही हात लागतात, वडीलधाऱ्यांना एकटं पाठवू नका. खरी माती ओळखायची तर पाटाखालून रंग न लागलेला भाग बघा, मातीचा रंग दिसला पाहिजे, पांढरंफट्ट अन् टिचकी मारल्यावर खणखण वाजलं तर समजून जा. सावलीत किती दिवस वाळली ते विचारा, तारीख सांगता नाही आली तर दुसरीकडे बघा. दागिने वेगळे लावून पाहिजे असतील तर जुलैतच सांगा, ऐनवेळी सांगाल तर ताई स्पष्ट नाही म्हणते अन् मग वाईट वाटून घेऊ नका. पितृपक्षातल्या मस्कऱ्या गणपतीच्या पण ऑर्डरी घेतात, भोसल्यांच्या काळापासूनचा प्रकार आहे हा आपल्याकडचा, तेव्हा गर्दी नसते अन् बोलायला वेळ असते. समोरच तर्री पोहा मिळते, तर्री जहाल आहे, पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो, २०२६ चा अॅडव्हान्स देऊन टाकू म्हणून. चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, वाळायला दिवस चांगले मिळतील, सोळा इंची घेऊ असं बायकोने पण ठरवलं होतं. कारखान्यात देवीच्या मूर्ती उभ्या, अजून डोळे नसलेल्या, काका माती मळायला बसलेले. ताई एका कोपऱ्यात स्टुलावर, एका हातात ब्रश अन् मांडीवर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक, मधोमध उघडं, पानांना मातीची बोटं लागलेली. प्रिलिम निघाली म्हणे तिची. मेन्स बाकी आहे. निघालं तर पोस्टिंग कुठं मिळेल सांगता येत नाही.

मी ५०० ची नोट पुढे केली. तिने घेतली नाही.

"आत्ता नको दादा. जूनमध्ये फोन करा, तेव्हा सांगते."

काका माती मळत होते, वर बघितलं नाही त्यांनी. पण हात थांबले होते.